आणखी दोन परूस

सोलापूरकरांना एकाच वेळी गप्प उभं करायचं म्हणजे वाऱ्याची मोट बांधायची. चहाच्या टपरीवर दोघं भेटले तरी चौघांचा आवाज येतो, असं हे गाव. पण त्या शनिवार-रविवारी अख्खं सोलापूर गप्प उभं राहिलं, तेही एकदा नाही, चांगलं चारदा. नंदा म्हेत्रेनं ते डोळ्यांनी पाहिलं. आता ही नंदा काही उगाच हरखून जाणाऱ्यातली बाई नव्हे. नाशकात खानावळ चालवते, भाजीवाल्यापासून गॅसवाल्यापर्यंत सगळे तिला टरकून असतात. तीसुद्धा हे सांगायला लागली की मध्येच थांबते आणि पदरानं डोळे टिपते.

ती आली होती वडिलांच्या हट्टापायी. रेवणअण्णांनी ऐंशी ओलांडली होती, गुडघे गेले होते, पण हट्ट अजून तरणाबांड. सोलापुरात दोन दिवस मोटारी बंद राहणार, सायकलीवरून गाव बघायला बाहेरच्यांनाही बोलावलंय आणि त्या शांततेत जमिनीखाली पाणी कुठं आहे ते कळणार, एवढं त्यांनी टीव्हीवर ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून जेवताना एकच घोशा लावला. शेवटी नंदानं खानावळ बहिणीच्या हवाली केली आणि अण्णांना गाडीत घातलं. अण्णांनी मांडीवर एक कापडी पिशवी घेतली होती. तिच्यात एक नारळ होता. कशाला म्हणून विचारलं तर त्यांनी पिशवीचं तोंड आवळून धरलं.

सोलापूर स्टेशनबाहेर एकही रिक्षा नव्हती. कुणी हात धरून ओढेना, कुणी बॅग हिसकेना. क्षणभर नंदाला वाटलं, आपण चुकून भलत्याच गावी उतरलो. रिक्षांच्या जागी सायकलींच्या रांगा होत्या आणि तिथं एक हडकुळी, चष्मेवाली बाई सगळ्यांना सूचना देत होती. ती डॉ. तस्नीम शेख. जन्मली सोलापुरात, शिकली भूगर्भशास्त्र, आणि हा सगळा उद्योग तिचाच. तिनं अण्णांचे गुडघे पाहिले आणि एक तीनचाकी सायकल काढली. मागे पॅडल मारणारा, पुढे दोन चाकांच्या मध्ये ऐसपैस आसन.

"बसा ओ आजोबा. भाजीच्या टोपलीत बसल्यासारखं वाटेल, पण पडणार नाही."

मग तिनं सायकलच्या स्टँडचं टोक दाखवलं. तिथं शर्टाच्या बटणाएवढी चकती होती. लोकांनी तिचं नाव मुंगी ठेवलं होतं.

"सायकल थांबवून स्टँड लावला की ही मुंगी जमिनीला चिकटते," तस्नीम म्हणाली. "आणि जमीन हलली की तिला कळतं. समुद्रात लाटा एकमेकींवर आपटतात, किनाऱ्यावर आपटतात. त्यानं खालचा खडक हलतो. जास्त नाही, केसाच्या जाडीचा शंभरावा भाग. पण ते हलणं खडकातनं पळत इथपर्यंत येतं, रात्रंदिवस, कधी खंड नाही."

"म्हणजे समुद्र इथं येतो?" नंदानं असं विचारलं, की जणू कुणी तिला शिळी मेथी ताजी म्हणून विकत होतं.

"येतो की ओ ताई. रोज येतो. पण एक ट्रक गेला की समुद्र बुडतो." तस्नीम हसली. "खडक सलग आणि कोरडा असला की ही लाट सुसाट जाते. भेगा असल्या, भेगांत पाणी असलं की अडखळते, उशिरा पोचते. कुठं किती उशीर झाला ते गावभर एकदम मोजायचं. मग दवाखान्यात पोटाची सोनोग्राफी करतात तसं जमिनीच्या पोटाचं चित्र निघतं. आधी असली यंत्रं पेटीएवढी आणि महागडी असायची, गावात चार-दोन लावली तरी खूप. एक मुंगी काही कामाची नाही, वारूळ पाहिजे. आता सायकलींचं वारूळ आहे. फक्त भोंगा वाजला की पाच मिनिटं कुणी हलायचं नाही. चालायचं नाही, बोलायचं नाही, माग थांबवायचे, गिरण्या थांबवायच्या. रेल्वेसुद्धा गावाबाहेर थांबणार आहे."

तिनं दोघांच्या मनगटाला एकेक पट्टी बांधली. मुंगीला जे कळेल ते वाढवून या पट्टीत येणार होतं.

अण्णा एवढा वेळ मान खाली घालून ऐकत होते. त्यांनी एकच विचारलं, "साखर पेठेत हाय का ही मुंगी?"

"गल्लीगल्लीत आहे, आजोबा."

अण्णांनी पिशवी छातीशी धरली. साखर पेठ म्हणजे काय, हे नंदाला ठाऊक होतं.

तर ते असं. रेवणअण्णा म्हणजे एकेकाळचे नावाजलेले पाणाडे. तळहातावर आडवा नारळ ठेवून रानातून चालायचे, आणि जिथं तो नारळ उभा राहील तिथं विहीर खणायची. चार तालुक्यांत त्यांच्या शब्दावर कुदळ पडायची. त्यांच्या घराण्याचा एक कडक नेम होता: ज्याच्यासाठी पाणी बघितलं, त्याच्या घरचं पाणी विहिरीला पाणी लागेपर्यंत प्यायचं नाही. लागलं की पहिली ओंजळ पाणाड्याची. गंमत एवढीच की स्वतःच्या शेतातली विहीर बघायला मात्र अण्णांनी अक्कलकोटहून दुसरा पाणाड्या आणला होता. तेव्हा गाव हसलं होतं, आणि शाळकरी नंदाला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

साखर पेठेत त्यांचा दोस्त होता, अंबादास गुर्रम. एका ताटात जेवलेले. अंबादासचे चादरींचे माग होते आणि सूत रंगवायची रंगणी. रंगणीला पाणी लागतं धो धो, आणि नळाला तर पाणी कधी येईल तेव्हा येईल. अण्णांनी त्याच्या अंगणात नारळ धरला. तो ताडकन उभा राहिला. खणलं. हात वर करून उभ्या माणसाची जी उंची, तिला परूस म्हणतात. असे नऊ परूस खणलं आणि काळ्या दगडाला साधी ओलसुद्धा नाही. अण्णा म्हणाले, आणखी दोन परूस. अंबादास म्हणाला, बास. चारचौघांत शब्दाला शब्द लागला आणि अंबादास बोलून गेला, "घरी जा बे, तुझ्या त्या नारळाची चटणी कर." विहीर बुजवली, रंगणी बंद पडली. अण्णांनी त्या दिवसानंतर नारळ हातात धरला नाही, अंबादासचा उंबरा चढले नाहीत आणि पुढे लेकीकडे नाशकाला गेले. अर्ध्याहून जास्त आयुष्य उलटलं या गोष्टीला. पण अण्णा तापानं फणफणले की अजून बरळतात, "दोन परूस. फकस्त दोन परूस."

नंदानं पॅडल मारायला सुरुवात केली. आधी धाप लागली, मग पाय लागले, आणि मग ती बघायलाच लागली. हमरस्त्याच्या मधोमध पोरी लंगडी घालत होत्या. एक म्हैस दुभाजकाला टेकून रवंथ करत बसली होती, तिला काय मोटारी असल्या-नसल्याचं. म्हाताऱ्या बाया रस्त्यावर बाजली टाकून शेंगा फोडत होत्या. सायकली तर इतक्या, की घंट्यांची नुसती किणकिण. आणि त्या किणकिणीच्या खालून असे आवाज येत होते, जे तिनं या गावात लहानपण काढूनही कधी ऐकले नव्हते. जुन्या गिरणीच्या चिमणीवरून उठलेल्या पारव्यांचे पंख ऐकू आले. तीन गल्ल्यांपलीकडचा माग ऐकू आला.

"अण्णा, आपलं गाव इतकं छान होतं?"

"होतं की. तुमच्या फटफट्यांनी दडवून ठेवलेलं," अण्णा म्हणाले आणि डिस्को भजीच्या गाड्याकडे बोट दाखवून थांबायला लावलं. गुडघे गेले होते, जीभ नव्हती गेली.

सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी पोचले आणि भोंगा झाला. भोंगा खरा, जुन्या गिरणीचा. गिरणी बंद पडून जमाना झाला होता, पण तस्नीमच्या लोकांनी तो उतरवून, साफ करून पुन्हा चढवला होता. तो आवाज ऐकून तळ्याकाठच्या म्हाताऱ्यांनी एकदम माना वर केल्या. एकाचा हात तर आपोआप जेवणाचा डबा शोधायला बाजूला गेला.

नंदानं स्टँड लावला. सगळ्यांनी लावला. फुगेवाला थांबला, पुजारी पायरीवर थांबला, घास तोंडाकडे नेणारा हात तसाच राहिला. लाखांनी माणसं असलेलं गाव, आणि तळ्याच्या पाण्यावर पान पडलं ते ऐकू आलं.

मग मनगटावर ठोका पडला.

मऊ ठोका. मग बराच वेळ काही नाही. नंदाला वाटलं, भास झाला. पुन्हा एक. एवढा सावकाश, की दोन ठोक्यांच्या मध्ये माणसाचा एक पुरा श्वास आत जाऊन बाहेर यावा. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. कुठं कोकण, कुठं सोलापूर! मधे अख्खा सह्याद्री, मधे घाट, नद्या, उसाची रानं, आणि त्या सगळ्याच्या खालून समुद्र हात लांब करून तिची नाडी बघत होता. ती चालायला शिकली तेव्हाही तो असाच खालून जात असणार, आई गेली त्या दिवशीही जात असणार. आणि आपण वर उभे राहून पाणी नाही, पाणी नाही म्हणून रडत होतो.

तिनं अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी उभ्या जन्मात समुद्र बघितला नव्हता. त्यांनी डोळे मिटले होते, आणि प्रत्येक ठोक्याला त्यांचे ओठ हलत होते. नमस्कार करतात तसे त्यांनी हात जोडले होते.

भोंगा पुन्हा झाला. फुगेवाल्यानं नाक पुसलं. मग कुणीतरी म्हणालं, "आयला!" आणि तळ्याकाठी एकदम हसू फुटलं.

रात्री धर्मशाळेत कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाताना अण्णांनी मनातलं ओठावर आणलं. "नंदे, उद्या साखर पेठेत थांबायचं. अंबादासच्या दाराशी. तिथं खाली पाणी हाय म्हणून यंत्र सांगेल. मग हा नारळ त्याच्या उंबऱ्यावर ठेवतो आणि येतो. मग मेलो तरी चालेल."

"आणि नसलं पाणी तर?"

"उभा राहिला होता नारळ," अण्णा म्हणाले. पुढं त्यांनी भाकरीला हात लावला नाही.

रविवारी साखर पेठेतल्या त्या गल्लीत शिरताना नंदाचा पाय पॅडलवरून दोनदा घसरला. अंबादासचं दार उघडं होतं. अंगणात, जिथं विहीर होती तिथं, कढीपत्त्याचं झाड वाढलं होतं. भोंग्याला थोडा वेळ होता. नंदानं मनात ठरवलं, भोंगा व्हायचा, पाच मिनिटं काढायची आणि बापाला घेऊन पळायचं. पण भोंगा झाला नेमका त्याच वेळी दारातून एक वाकलेला, पांढऱ्या बंडीतला म्हातारा सायकली बघायला बाहेर आला.

आणि दोघं समोरासमोर. अंबादास उंबऱ्यावर, अण्णा सायकलच्या आसनावर, मध्ये दोन हातांची गल्ली. आता हलायचं नाही, बोलायचं नाही, पाठ फिरवायची नाही. मारामारी करावी तर गाव ओरडेल, निघून जावं तर समुद्र बुडेल. आयुष्यभर ज्याचं तोंड बघायचं नाही म्हणून ठरवलं, त्याचं तोंड बघत पाच मिनिटं उभं राहा! अंबादासच्या मनगटालाही पट्टी होती. ठोका पडला की दोघांच्या पापण्या एकदमच हलत. तो एकच ठोका दोघांच्या हातात पडत होता. बघता बघता अंबादासची हनुवटी थरथरायला लागली.

पण भोंगा पुन्हा झाला आणि त्यानं तोंड उघडलं ते असं: "पाणी लागलं का बे?"

अण्णांनी मान वळवली. अंबादास आत गेला आणि दार लागलं.

संध्याकाळी भुईकोटाच्या तटावर चित्र दाखवलं. खंदकाशेजारी सगळं गाव जमलं होतं. आधी काळा पट, त्यावर रस्त्यांच्या बारीक रेघा. मग तस्नीमनं काहीतरी केलं आणि गावाच्या खालून निळ्या शिरा उमटायला लागल्या. तळ्याखालून निघालेली एक जाड शीर वळसे घेत पूर्वेकडे गेली होती, तिला फाटे फुटले होते, फाट्यांना केसांएवढे फाटे. लोक आपापली गल्ली शोधायला लागले आणि नंतर शोधणंही विसरले. एवढा मोठा जिवंत पसारा आपल्या चपलांखाली होता! पुढं जाऊन विहिरी कुठं खणायच्या, पावसाचं पाणी कुठं मुरवायचं, ते आता या चित्रावरून ठरणार होतं. बाजूची एक बाई तर रडायलाच लागली.

अण्णांना तेवढ्या लांबचं नीट दिसत नव्हतं. "नंदे, जा. साखर पेठेचं विचारून ये."

नंदा गर्दीतून वाट काढत तस्नीमकडे गेली. तस्नीमनं तेवढाच तुकडा मोठा करून दाखवला. तिथं एक फिकट ठिपका होता, गोल, अंगठ्याच्या ठशाएवढा. बुजवलेली विहीर. आणि त्याच्या खाली काळं. नुसतं काळं.

"आणखी दोन परूस खणलं असतं तर?" नंदानं विचारलं.

"चाळीस खणले असते तरी दगडच होता, ताई. जवळची शीर दोन गल्ल्या सोडून आहे."

परत येताना नंदा मुद्दाम हळू चालली. एक शब्द खोटा बोलला की झालं. पाणी होतं, अण्णा, दोन परूस खाली होतं. म्हातारा सुखानं मरेल. नाशकात गिऱ्हाईकाला कालची आमटी आजची म्हणून वाढताना तिला कधी लाज वाटली नव्हती. इथं कोण बघतंय? पण मग हा नारळ त्या उंबऱ्यावर जाईल, दोन परूस आधी थांबलो म्हणून रंगणी गेली असं अंबादास मरेपर्यंत मानेल, आणि त्या थरथरत्या हनुवटीवर हा दगड तिच्या हातून पडेल. ती बापासमोर जाऊन उभी राहिली, आणि तिला कळलं की ज्या मनगटावर समुद्राचा ठोका घेतला ते वर करून आपल्याला खोटं बोलता येणार नाही.

"अण्णा, पाणी नव्हतं. चाळीस परूस खाली गेलं तरी दगड आहे."

तिला वाटलं, आता हे कोसळणार. ती हात पुढे करून उभी राहिली. अण्णांनी पिशवीतून नारळ काढला आणि तळहातावर आडवा ठेवला.

"आपल्या शेतातली विहीर मी बघितली न्हाई. का, ठाऊक हाय?"

"नाही."

"बापानं शिकवलेलं. आपल्या माणसाच्या जागेत नारळ धरायचा न्हाई. मन आधीच म्हणतं, इथं पाणी लागू दे रे देवा. मग नारळ पाण्यानं उभा न्हाई राहत, मनानं राहतो. हाताला कळतसुद्धा न्हाई." अण्णांचे डोळे भरले. "अंबादास आपला न्हाई, परका हाय, असं मी त्या दिवशी स्वतःला सांगितलं आणि नारळ धरला. एवढाच खोटेपणा झाला. तो परका कधी होता गं?"

एवढी वर्षं नंदा ज्याला वैर समजत होती ते हे होतं.

"चल," अण्णा म्हणाले. "मोटारी चालू व्हायच्या आत चल."

दिवेलागणीला ते पुन्हा त्या दारात होते. अण्णा लेकीच्या खांद्याचा आधार घेत खाली उतरले. उंबऱ्यापाशी थांबले. अंबादास आतून आला, त्यानं आधी पिशवीकडे पाहिलं.

"काय बे रेवण्या, जिंकलास?"

"न्हाई. चाळीस परूस दगड हाय. तू थांबलास ते बरं केलंस. माझं चुकलं."

अंबादास एक पाऊल पुढं आला.

"मग कशाला आलास?"

"तहान लागलीय," अण्णा म्हणाले. "पाणी दे."

नेमाप्रमाणे या घरचं पाणी अण्णांना वर्ज्य होतं, आणि हे अंबादासलाही माहीत होतं. त्यानं चौकटीला हात धरला. मग आत गेला. हंड्यावर तांब्या आपटल्याचा आवाज आला, पुन्हा आला. बाहेर आला तेव्हा निम्मं पाणी त्याच्या बंडीवर सांडलं होतं.

"पाच दिवसांमागं भरलेलं हाय. आज नळाची पाळी होती, आलाच न्हाई," तो म्हणाला. आणि मग रडत रडतच, "ती पिशवी दे इकडं. आमच्या कढीपत्त्याला एक नारळ तरी लागू दे. चटणी करतो."

अण्णांनी पिशवी दिली, दोन्ही हातांनी तांब्या घेतला, तोंडाला लावला, आणि रिकामा होईपर्यंत खाली घेतला नाही.